कॅलिपर नवा, तरी चाक जाम

डाव्या पुढच्या चाकाचा ब्रेक धरायला लागला तेव्हा आधी मायलेज पडलं, मग गाडी डावीकडे ओढायला लागली. एकदा उतरून पाहिलं तर त्या चाकाजवळ हात नेववेना, जळका वास वेगळाच. पहिल्या वर्कशॉपने न तपासताच कॅलिपर (चाकाच्या चकतीवर पॅड आवळणारा भाग) आणि पॅड बदलून दिले. चार दिवसांनी पुन्हा तेच. सिग्नलवरून निघताना गाडी जागची हलेना.

मग मी या दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले. हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी.

मेस्त्रींनी गाडी घोडीवर घेतली, चाक हाताने फिरवून दाखवलं. मोकळं होतं. मला आत बसवून दोनतीनदा ब्रेक दाबायला लावला आणि सोडायला सांगितला. चाक घट्ट! त्यांनी होजच्या (कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीच्या) वरचा, लोखंडी पाइपाचा जोड सैल केला. थोडं ऑइल पाझरलं, पण चाक तसंच. जोड आवळून कॅलिपरचा ब्लीडर निपल (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) अर्धा आटा सोडला, तर ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. "दाब होजमध्येच अडकतोय, ताई. कॅलिपर बिचारा चांगला आहे," ते म्हणाले. निपल सोडूनही चाक सुटलं नसतं, तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या असं समजायचं, हेही त्यांनीच सांगितलं.

काढलेला होज त्यांनी माझ्यासमोर उभा चिरला. बाहेरून अगदी धडधाकट, आत मात्र रबर फुगून एका जागी भोक जवळजवळ बुजलेलं. पाय जोरात दाबला की ऑइल त्यातून रेटून पुढे जातं, पण पाय काढल्यावर परत यायला तेवढा जोर नसतो. तो तुकडा मी मागून घेतलाय.

पुढचे दोन्ही होज बदलले. पिनांना पहिल्या ठिकाणी साधं ग्रीस फासलं होतं, त्याने पिनांवरची रबरं फुगायला लागली होती. ती बदलून सिलिकॉन ग्रीस लावलं. ब्रेक ऑइल गढूळ तपकिरी झालेलं, तेही पूर्ण बदललं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण 2 वर्षांनी बदलावं. डॉट 4 दर्जाचं ऑइल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरली की ही हद्द 155 पर्यंत खाली येऊ शकते. चाक असं तापत राहिलं तर ऑइल उकळून पेडल पोकळ होतं, म्हणजे दाबलं तरी ब्रेक नीट लागत नाही. मी त्या अवस्थेत लेकीला मागे बसवून हायवेवरून आले होते, हे आठवलं की अजून धस्स होतं.

मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकचीही तक्रार होती. पावसात आठवडाभर हँडब्रेक ओढून उभी ठेवली की शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे भाग) ड्रमला गंजून चिकटायचे. त्यांनी ड्रम उघडून साफ केले, हँडब्रेकची केबल न अडकता मोकळी चालतेय ना ते पाहिलं. जास्त दिवस उभी ठेवायची तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावून आणि हँडब्रेक सोडून, असं बजावलं. चिकटलीच तर रेस देऊन ओढायची नाही, शूवरचं लायनर सुटून येतं.

एक तारा कापतेय, कारण संध्याकाळी देतो म्हणून गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी दिली आणि मधे एक फोनही नाही. कामात मात्र खोट काढायला जागा नाही. पाच आठवडे झाले, रोज उतरल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात धरून बघते. दोन्ही सारखीच कोमट.