सीताफळांचे क्रेट: बाभूळ की जुन्या पॅलेटचे चीड?

बीड परिसरातील एका महिला बचत गटासाठी सीताफळांचे क्रेट करायचे ठरले, तेव्हा लाकूड स्थानिक बाभळीचे घ्यावे की वाळूजच्या कारखान्यांतील जुन्या पॅलेटचे (माल ठेवण्याच्या लाकडी चौकटींचे) चीड, म्हणजे पाइनचे लाकूड, असा प्रश्न उभा राहिला.

खर्चात पॅलेट स्वस्त पडते, पण खिळे उपटण्यातच दिवस जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यावरील शिक्का पाहावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले, तर ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, दुसऱ्या प्रकारचे किंवा बिनशिक्क्याचे पॅलेट फळांजवळही आणू नये.

बाभूळ टणक व टिकाऊ असली तरी चिडाच्या जवळजवळ दीडपट जड असते आणि आधी भोक न पाडता खिळा मारल्यास पट्टी हमखास तडकते. ओली बाभूळ तर वापरूच नये, कारण ती वाळताना पिळवटते.

सीताफळ दाबाने फुटत असल्याने लाकूड कोणतेही असो, क्रेट दोन थरांपुरता उथळ ठेवावा आणि आतल्या कडा रंध्याने गोल कराव्यात.

बागेतून डोक्यावरून क्रेट वाहणाऱ्या महिलांना चीडच सोयीचे; संकलन केंद्रावर थप्पी लावून वर्षानुवर्षे वापरायचे असतील, तर बाभूळ घ्यावी.