वॉट की डोनाल्ड: बचाव समजून घ्यायचा तर आधी कुणाला बघावं?

अमेरिकन फुटबॉल नव्यानं बघणाऱ्याची नजर चेंडूवर असते, आणि चेंडू असतो तो फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे. त्यामुळे दोन मोसम बघून झाले तरी आक्रमणातली नावं तेवढी पाठ होतात. समोरचे अकरा बचावपटू म्हणजे नुसती हेल्मेटं. मग कधीतरी वाटतं, एकाच बचावपटूची कारकीर्द धरून नीट बघावी. जुने सामने हवे तेवढे मिळतात, वेळ मिळत नाही. अशा वेळी गाडी बहुतेकदा दोन नावांवर येऊन अडते: जे. जे. वॉट आणि ॲरन डोनाल्ड. दोघंही वर्षातले सर्वोत्तम बचावपटू ठरले ते तीन-तीन वेळा. दोघंही निवृत्त झालेत, म्हणजे गोष्ट पुरी आहे.

आधी आकडे उरकून टाकू. क्वार्टरबॅकनं चेंडू फेकायच्या आत त्याला लोळवलं की सॅक. दोघांनी मिळून लोळवलं तर अर्धी-अर्धी. वॉटच्या १२ मोसमांत १५१ सामने आणि ११४.५ सॅक. डोनाल्डच्या १० मोसमांत १५४ सामने आणि १११. कागदावर उन्नीस-बीस. पण वॉट बऱ्याचदा फळीच्या कडेला उभा असायचा, डोनाल्ड बहुतेक वेळा आत, जिथे एकावर दोघं तुटून पडतात. आतून सॅक काढणं म्हणजे गच्च भरलेल्या लोकलच्या मधोमध उभं राहून दादरला उतरून दाखवणं. २०१८ मध्ये डोनाल्डनं तिथून साडेवीस सॅक काढल्या. हा आकडा मला अजूनही पचत नाही.

वॉटची गोष्ट सांगायला सोपी आहे. कॉलेजात हा चेंडू झेलणाऱ्यांतला, टाइट एंड. सेंट्रल मिशिगनची शिष्यवृत्ती सोडून तो घराजवळच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय गेला, मधल्या काळात घरोघरी पिझ्झा पोचवले. २०११ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) ह्यूस्टन टेक्सन्स संघानं त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा ह्यूस्टनच्याच चाहत्यांनी हुर्यो केली. काही महिन्यांतच, ७ जानेवारी २०१२ ला, टेक्सन्सचा इतिहासातला पहिला प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचा सामना होता. सिनसिनाटीच्या अँडी डाल्टननं चेंडू फेकला, जेमतेम दोन-चार हातांवरच्या वॉटनं उडी मारून तो दोन्ही हातांत पकडला आणि २९ यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकापर्यंत नेला. हा तुकडा आधी बघा. एवढ्या अंगाचा माणूस इतक्या जवळून चेंडू झेलतो तेव्हा टाइट एंडची ती वर्षं फुकट गेली नव्हती हे कळतं.

झेलता आलं नाही तर निदान अडवायचा. २०१२ मध्ये साडेवीस सॅकबरोबर त्यानं १६ पासही हाणून पाडले, ‘जे. जे. स्वॉट’ हे टोपणनाव तिथलं (इंग्रजीत ‘स्वॉट’ म्हणजे फटका मारून पाडणं). २०१४ मध्ये पुन्हा साडेवीस आणि वर पाच टचडाऊन, त्यातले तीन तर आक्रमणात उतरून झेललेले. नव्या माणसाला हा मोसम दाखवावा, कारण चेंडूवरची नजर न हलवताही बचावपटू सतत दिसत राहतो.

पुढचा भाग मात्र दुखापतींचा. २०१६ मध्ये पाठीचं ऑपरेशन, २०१७ मध्ये पाय मोडला. दोन मोसमांत मिळून आठ सामने. त्याच २०१७ मध्ये हार्वी वादळानंतर दोन लाख डॉलरचं लक्ष्य ठेवून त्यानं मदतनिधी सुरू केला आणि ३ कोटी ७० लाखांच्या वर रक्कम उभी राहिली. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्यांना विचारा, सॅकच्या आधी हेच सांगतील. सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, मात्र त्याला कधी खेळायलाच मिळाला नाही. चषक बघून खेळाडू निवडणाऱ्यांचा प्रश्न इथेच सुटतो.

डोनाल्ड पिट्सबर्गचा. वडिलांनी तळघरात व्यायामशाळा केलेली, पहाटे साडेचारला उठवून पोराकडून वजनं उचलून घ्यायचे. (आपल्याकडे तालमीतल्या पोरांना यात नवल वाटणार नाही.) उंची सहा फूट एक इंच, म्हणजे त्या जागेसाठी कमी; म्हणून २०१४ मध्ये तेराव्या क्रमांकापर्यंत उरला आणि रॅम्स संघानं उचलला. पुढे दहाच्या दहा मोसम प्रो बोलसाठी, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंत, निवड. व्यवहारातही पक्का: नव्या करारासाठी २०१७ आणि २०१८ ची सराव शिबिरं त्यानं सरळ चुकवली आणि शेवटी सहा वर्षांचे साडेतेरा कोटी डॉलर घेतले. बचावपटूसाठी तो विक्रम होता. दुसऱ्याच दिवशी खलील मॅक या बचावपटूनं मोडला. डागही आहे. २०२२ च्या संयुक्त सरावात सिनसिनाटी बेंगल्सच्या खेळाडूंवर त्यानं हेल्मेट उगारलं होतं, ते झाकायचं कारण नाही.

त्याचा खेळ हातांचा. समोरच्याचे पंजे अंगाला लागायच्या आत झटकायचे. त्यासाठी तो नकली सुऱ्या घेतलेल्या प्रशिक्षकासमोर सराव करायचा. हे सगळं पडद्यावर सेकंदभरात उरकतं, आणि चेंडूकडे बघत असाल तर निसटतंच.

माझं मन डोनाल्डकडे झुकतं. तरी खेळ सुरू झाल्यावर कुठे बघायचं हे अजून कळत नसेल तर वॉटचं २०१४ घ्या, महिनाभर पुरेल. नियम अंगवळणी पडले असतील आणि हाताशी एकच संध्याकाळ असेल, तर १३ फेब्रुवारी २०२२ चा सुपर बोल. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती.

शेवटचं मिनिट, रॅम्स २३, बेंगल्स २०. चेंडू आपल्याकडे राखायला बेंगल्सना एकच यार्ड हवं होतं. तिसऱ्या प्रयत्नात चेंडू घेऊन घुसणाऱ्या पेरीनला डोनाल्डनं जागीच धरलं. चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात चेंडूकडे बघू नका, ९९ नंबर बघा. समोर अडवायला उभ्या गार्डला मागे टाकून तो आत शिरतो, क्वार्टरबॅक जो बरोला कमरेला धरून गरकन फिरवतो, आणि बरो पडता पडता चेंडू कसाबसा भिरकावतो. चेंडू कुणाच्याच हाती न लागता खाली पडतो. हेल्मेट काढून डोनाल्ड अंगठीच्या बोटाकडे खूण करत सुटतो. त्या सामन्यात त्याच्या नावावर दोन सॅक आहेत. ही त्यांत धरलेली नाही.