तमाले सूप घरी करताना : अख्खे तमाले, मक्याचे गोळे की दाट चिलेआतोले?

मेक्सिकन पद्धतीचे झणझणीत तमाले सूप घरी करायचे ठरवले, की एकाच नावाखाली तीन निरनिराळे पदार्थ समोर येतात. पहिल्यात तयार तमाले, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, पानात गुंडाळून वाफवलेले उंडे, लाल मिरचीच्या रश्श्यात घालून वाढले जातात. दुसऱ्यात तमाल्यांसाठी वापरतात त्याच पिठाचे लहान गोळे रश्श्यातच शिजवले जातात, तर तिसऱ्यात ते पीठ पाण्यात कालवून सगळे सूपच त्याने दाट केले जाते. तिन्हींची चव एकाच कुळातली असली, तरी लागणारा वेळ, हाताचे कसब आणि सामान यांत बराच फरक आहे. बहुतेक लोक मिरचीपासून विचार सुरू करतात. माझ्या मते विचार पिठापासून सुरू करावा, कारण मिरचीला पर्याय सापडतो, पिठाला मात्र सापडत नाही.

तमाल्यांचे पीठ, म्हणजे मासा, साध्या मक्याचे नसते. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर त्यातच भिजत ठेवतात, सकाळी चोळून त्याची साले काढतात, दाणे धुतात आणि मग ओलेच वाटतात. अशा प्रक्रिया केलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, तिच्यातला चिकट अंश मोकळा होतो आणि त्यामुळेच पीठ हाताला बांधले जाते. शिवाय मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला घेता येईल अशा रूपात येते. मका युरोपात पोहोचला, पण ही प्रक्रिया त्याच्यासोबत गेली नाही, आणि जिथे गरिबांचे पोट केवळ मक्यावर अवलंबून राहिले तिथे नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला.

हेच पीठ वाळवून पाकिटात मिळते, त्याला मासा हारिना म्हणतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना ते साध्या किराणा दुकानातही सापडेल. भारतात मात्र ते मोठ्या शहरांतल्या परदेशी सामानाच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मागवावे लागते. खरेदी करताना येथे एक घोटाळा हमखास होतो. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून मिळणारी पांढरी पूड हे मक्याचे निव्वळ स्टार्च असते, आणि भाकरीसाठी दळलेले मक्याचे पीठ चुन्यातून गेलेले नसते. स्टार्चने सूप चकचकीत आणि बुळबुळीत होते, तर भाकरीच्या पिठाचे गोळे उकळत्या रश्श्यात फुटून तळाशी गाळ साचतो. या दोन्हींपैकी कोणत्याही पिठाने पहिले दोन प्रकार करण्याचा प्रयत्न करू नये.

आता पहिल्या प्रकाराकडे वळू. तमाले करणे हे एका माणसाचे संध्याकाळचे काम नव्हे. 500 ग्रॅम मासा हारिनाला साधारण 200 ते 250 ग्रॅम चरबी लागते. ती फेसून हलकी करायची, पीठ आणि कोमट रस्सा घालून पुन्हा फेटायचे, आणि पिठाचा कण पाण्यात टाकल्यावर तरंगला, की पीठ झाले असे समजायचे. त्यानंतर मक्याच्या कणसाच्या वाळलेल्या, भिजवून मऊ केलेल्या पानांवर ते पसरून, सारण भरून, गुंडाळून तास-दीड तास वाफवावे लागते. वाहाका, व्हेराक्रूझ, युकातान या मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या भागांत केळीच्या पानातले तमाले अधिक प्रमाणात दिसतात, आणि कोकणात किंवा गोव्यात हा प्रयोग करणाऱ्याला ते पान परसातच मिळेल. मेक्सिकोत 2 फेब्रुवारीला, कांदेलारिया या ख्रिस्ती सणाच्या दिवशी, घरोघरी तमाले खाल्ले जातात. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात नाताळच्या सुमारास ते डझनाच्या हिशेबाने केले आणि विकत घेतले जातात. तमाले रश्श्यात घालून खाण्याचा मार्ग अशा उरलेल्या तमाल्यांसाठीच शोभतो. केवळ सूपसाठी तमाले करायला बसणे मला तरी वाजवी वाटत नाही.

मात्र घरात तयार किंवा गोठवलेले तमाले असतील, तर तिघांमध्ये याहून सोपा प्रकार नाही. रस्सा आधी करून ठेवला, तर जेवण वीस मिनिटांत पानावर येते. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. तमाले रश्श्यात उकळू नयेत, कारण आधीच शिजलेले भुसभुशीत पीठ पाणी शोषून विरघळू लागते. मेक्सिकोत शिळे तमाले बहुधा कोमालवर, म्हणजे तव्यावर, खरपूस भाजून खातात. सूपसाठीही त्यांचे जाड काप करून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लालसर परतावेत, वाडग्यात ठेवावेत आणि वरून कढत रस्सा ओतावा. वरची कड कुरकुरीत राहते, आतून तमाले मऊ होतात आणि सारणाची चव रश्श्यात हळूहळू उतरते. हे सूप वाढल्याबरोबर खायचे असते, त्यामुळे पाहुणे वेगवेगळ्या वेळी जेवायला बसणार असतील तर हा प्रकार सोयीचा नाही.

दुसऱ्या प्रकारातल्या गोळ्यांना वाहाकात चोचोयोते म्हणतात. माझा कौल याच प्रकाराला आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. काळ्या घेवड्याच्या पातळ उसळीत, पिवळ्या मोलेत, म्हणजे मिरचीच्या दाट रश्श्यात, किंवा भोपळ्याच्या कोवळ्या वेलींच्या सूपमध्ये हे गोळे सोडण्याची तिथली जुनी रीत आहे. ज्यांच्या घरी हुलग्याचे शेंगोळे होतात, त्यांना यातले तंत्र वेगळे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही, कारण कच्चे पीठ रश्श्यातच शिजते आणि शिजता शिजता रश्श्यालाही थोडा दाटपणा देते. तमाल्यांसारखे फेसणे, गुंडाळणे, वाफवणे यांपैकी काहीच करावे लागत नाही, तरीही मासाचा तो चुनखडीसारखा, भाजक्या मक्याचा वास पूर्ण मिळतो.

चार जणांसाठी एक कप, म्हणजे सुमारे 120 ग्रॅम, मासा हारिना घ्यावे. त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे चरबी चोळून पाऊण कप कोमट पाण्याने मऊसर मळावे आणि झाकून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. मेक्सिकोत यासाठी डुकराची चरबी वापरतात. शाकाहारी घरात साजूक तूप किंवा वनस्पती तूप चालते, मात्र तुपाचा वास मक्याच्या वासावर थोडी कुरघोडी करतो, म्हणून वास नसलेले घट्ट स्निग्ध अधिक बरे. दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाचे गोळे वळून प्रत्येकाच्या मध्यभागी अंगठ्याने खळगा करावा. हा खळगा शोभेसाठी नसतो. त्यामुळे गोळा मध्यापर्यंत सारखा शिजतो आणि चमच्यात येताना रस्साही सोबत घेऊन येतो. खळगा करताना कडांना भेगा पडल्या, तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे. पीठ बोटांना चिकटत असेल, तर चमचाभर मासा हारिना आणखी घालावे.

सगळे गोळे एकदम रश्श्यात सोडण्याआधी एक गोळा उकळत्या पाण्यात शिजवून पाहावा. तो सुटला, तर दुरुस्ती पिठात करता येते. एकदा सगळे गोळे रश्श्यात सुटले, की करण्यासारखे काही उरत नाही. रस्सा खळखळ उकळत नसावा, मंद उकळी असावी. पहिली पाच मिनिटे डाव घालू नये, नुसते पातेले हलवावे. बारा ते पंधरा मिनिटांत गोळे शिजतात. कापून पाहिल्यावर मध्ये कोरडा पांढुरका ठिपका दिसत असेल, तर आणखी दोन-तीन मिनिटे द्यावीत.

तिसरा प्रकार, चिलेआतोले, पुएब्ला आणि त्लाश्काला या मध्य मेक्सिकोतल्या भागांत आणि शेजारच्या व्हेराक्रूझमध्ये रुळलेला आहे. मक्याचे कोवळे दाणे किंवा कणसाचे गोल काप, मिरची, एपासोते ही उग्र वासाची पालेभाजी आणि दाटपणासाठी मासा, एवढेच त्याचे घटक. दीड लिटर रश्श्याला साधारण 120 ग्रॅम ओला मासा किंवा 60-70 ग्रॅम मासा हारिना पुरते. ते थंड पाण्यात कालवून, गाळून, सतत ढवळत रश्श्यात ओतायचे आणि कच्चेपणा जाईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर ठेवायचे. पुएब्लाकडे हिरव्या मिरचीचा प्रकार अधिक केला जातो. एपासोतेला खरा पर्याय नाही. कोथिंबीर घातल्याने सूप चांगले होते, पण ते वेगळे सूप होते, हे मान्य करूनच ती घालावी.

या प्रकाराचा एक फायदा भारतात राहणाऱ्यांसाठी निर्णायक ठरू शकतो. मासा हारिना मिळत नसेल, तर 500 ग्रॅम वाळलेला मका, दीड लिटर पाणी आणि 5 ग्रॅम खाण्याचा कोरडा चुना घेऊन घरीच निश्तामाल करता येतो. भांडे स्टीलचे असावे, अॅल्युमिनियमचे नसावे, कारण चुना त्या धातूला खातो. पाऊण ते एक तास मंद शिजवून, रात्रभर ठेवून, साले चोळून काढून तीन-चार पाण्यांनी धुतले, की मका वाटायला तयार होतो. ताजा गोड मका यासाठी चालत नाही. अडचण पुढेच येते. घरगुती मिक्सर पाणी घातल्याशिवाय हा मका वाटत नाही आणि पाणी घातले की पीठ सैल होते. त्या सैल पिठाचे गोळे वळता येत नाहीत आणि तमालेही होत नाहीत, पण चिलेआतोलेसाठी पीठ पाण्यात कालवायचेच असते. म्हणून मिक्सरवर काम भागवणाऱ्याने हाच प्रकार निवडावा. पाटा-वरवंटा असेल आणि तो चालवण्याची तयारी असेल, तर चोचोयोतेही शक्य आहेत.

मिरचीच्या बाबतीत तिन्ही प्रकारांना एकच लाल वाटण चालते. मेक्सिकोत त्यासाठी रंग आणि आंबूस चव देणारी ग्वाहीयो, गोडसर आंचो आणि तिखटपणासाठी आर्बोल अशी जोडणी करतात. तिखटपणा मोजणाऱ्या स्कोव्हिल मापाने ग्वाहीयो साधारण 2,500 ते 5,000, आंचो 1,000 ते 2,000 आणि आर्बोल 15,000 ते 30,000 इतकी तिखट असते. यावरून लक्षात येते, की सूप लालभडक दिसले म्हणजे ते जिभेला पोळेलच असे नाही. रंग एका मिरचीचा असतो आणि तिखटपणा दुसरीचा. ब्याडगी आणि लवंगी एकत्र वापरणाऱ्या आपल्या स्वयंपाकाला हा हिशेब परका नाही. पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आलेली मिरची मूळची त्याच भूभागातली आहे, आणि ब्याडगी व ग्वाहीयो या दोन्ही एकाच वनस्पती-जातीच्या आहेत. ग्वाहीयोच्या जागी ब्याडगी निःशंक घ्यावी. आंचोचा सुक्या फळासारखा गोडवा भारतीय मिरचीत सापडत नाही, तो पाच-सहा काळ्या मनुका वाटणात घालून थोडाफार साधतो. धुरकट चिपोत्ले हवी असेल आणि मिळत नसेल, तर तयार रश्श्याला निखाऱ्याची धुरी द्यावी.

आठ ग्वाहीयो, दोन आंचो आणि आवडीप्रमाणे दोन ते चार आर्बोल, बिया काढून, कोरड्या तव्यावर वीस-तीस सेकंदच शेकाव्यात. करपलेल्या मिरचीचा कडूपणा नंतर कशानेच जात नाही. गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवून, तव्यावर भाजलेले दोन टोमॅटो, अर्धा कांदा, चार लसूण पाकळ्या आणि चिमूटभर जिरे यांच्यासह त्या वाटाव्यात. ग्वाहीयोची साल चिवट असल्यामुळे वाटण गाळून घ्यावे. नंतर ते तेलात रंग गडद होऊन कडेने तेल सुटेपर्यंत परतावे. ही पायरी घाईघाईने उरकली, तर सूपला कच्च्या मिरचीचा वास राहतो. मग हाडांसकट शिजवलेल्या कोंबडीचे दीड लिटर पाणी घालावे. शाकाहारी रस्सा करताना काळा घेवडा शिजवल्याचे पाणी हा साध्या भाज्यांच्या पाण्यापेक्षा कितीतरी सकस आणि मुरलेला पर्याय आहे, आणि चोचोयोतेंशी तर त्याची परंपरागत सोयरीक आहे.

तिखटपणाचे प्रमाण मात्र प्रकाराप्रमाणे बदलावे. चिलेआतोलेतला दाटपणा आणि तमाल्यांमधली चरबी जिभेवर मिरचीची धार बोथट करते, त्यामुळे चोचोयोतेंच्या पातळ रश्श्यात दोन आर्बोल पुरत असतील तर इतर दोन प्रकारांत तीन-चार लागतात. लहान मुलांसाठी आर्बोल वाटणात न घालता वेगळी तळून, कुस्करून ताटात ठेवणे बरे.

कोणाकडे होमिनी, म्हणजे निश्तामाल केलेल्या अख्ख्या मक्याचा डबा असेल, तर त्याने या तिन्हींचा नाद सोडून सरळ पोसोले हे अख्ख्या मक्याचे सूप करावे. मेक्सिकोच्या गेरेरो राज्यात ते दर गुरुवारी खाण्याची प्रथा आहे आणि तेच लाल वाटण त्यालाही चालते. पण त्यात पीठ नसते, आणि ज्याला तमाल्यांच्या चवीची ओढ आहे त्याचे समाधान त्याने होणार नाही.

उरलेल्या सूपचा विचार आधीच केलेला बरा. चिलेआतोले रात्रीतून घट्ट पिठल्यासारखे होते, पण गरम पाणी घालून ढवळले की पूर्ववत होते, त्यामुळे डबा नेणाऱ्यांना ते परवडते. तमाल्यांच्या सूपमध्ये रस्सा आणि तमाले वेगवेगळेच ठेवावेत आणि काप प्रत्येक वेळी ताजे परतावेत. चोचोयोते रश्श्यात रात्रभर राहिले तर ते फुगून रस्सा पिऊन टाकतात. म्हणून लागतील तेवढेच शिजवावेत आणि उरलेले कच्चे गोळे ताटात एकमेकांना न चिकटतील असे मांडून फ्रीजरमध्ये कडक करून डब्यात भरावेत. ते न वितळवता तसेच मंद उकळत्या रश्श्यात सोडायचे आणि शिजण्यास चार-पाच मिनिटे जास्त द्यायची.