बारा वर्षांनी कुणीतरी माझे मार्क काढले

मी बार्शीचा सर्जन. बारा वर्षं दुर्बीण घालतोय. गॅस्ट्रोस्कोपी (जठराची तपासणी) हातात बसलीय, कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या तपासणीत) मात्र सिग्मॉइडच्या, म्हणजे गुदाशयाच्या वरच्या नागमोडी भागाच्या, वळणावर अजूनही घाम फुटतो. म्हणून पुण्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण केलं. फी १८,००० रुपये, जेवण बरं, पहिल्या सकाळच्या स्लाइड्स नेहमीच्याच.

खरी मजा दुपारी, रबरी आतड्यावर. मी स्कोप, म्हणजे दुर्बिणीची नळी, ढकलतोय, तो आतही जातोय, पण टोक जागचं हलेना. शेजारच्या पडद्यावर स्कोपचा आकार दिसत होता. भला मोठा अल्फा लूप, म्हणजे नळीचा आतच पडलेला वेढा! मागे उभे असलेले सर म्हणाले, "ढकलू नका डॉक्टर. मागे घ्या आणि उजवीकडे पिळा." स्कोप बाहेर ओढला तसा लूप सुटला आणि टोक आपोआप पुढे सरकलं. ज्या वळणावर मी इतकी वर्षं पेशंटचं सिडेशन (गुंगीचं औषध) वाढवत आलो, तिथे चूक माझ्या मनगटाची होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. डॉप्सचा, म्हणजे काम करताना बघून गुण देण्याच्या पद्धतीचा, तक्ता घेऊन निरीक्षक गप्प बसलेले. सीकमला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पार आतल्या टोकाला, पोचलो त्या आनंदात साडेतीन मिनिटांत बाहेर आलो. परत येताना आतडं नीट बघायला किमान ६ मिनिटं हा जुना निकष, २०२४च्या अमेरिकन निकषांत तर सरासरी ८. आतड्याच्या घड्यांमागे पाच पॉलिप (आतल्या अस्तरावरच्या गाठी) लपवले होते, मला तीन दिसले. शेरा एकच ओळीचा : "परतीची घाई." लागला, पण पैसे तिथे वसूल झाले.

आता तक्रारी. एका मॉडेलवर चौघं, म्हणजे प्रत्यक्ष हातात स्कोप जेमतेम चाळीस मिनिटं. रबर कण्हत नाही, त्याचं सॅच्युरेशन उतरत नाही आणि त्याचं आतडं कायम लख्ख! डॉप्स मुळात खऱ्या पेशंटवर काम बघण्यासाठी आहे. शिवाय सर्टिफिकेटं आधीच छापून ठेवलेली. सीकमपर्यंत न पोचलेल्यालाही तेच मिळालं. ब्रिटनमध्ये जॅगचं (दुर्बिणीच्या तपासणीचा दर्जा बघणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र हवं तर पेशंटवरच्या तपासण्यांची नोंद आणि अशा मूल्यमापनांचा गठ्ठा दाखवावा लागतो.

तरी जा. फक्त पैसे भरण्याआधी एका मॉडेलवर किती जण, ते विचारा. इकडे आमच्या सिस्टर आता सीकमपासूनची वेळ वहीत लिहितात. परवा ७ मिनिटं २० सेकंद झाली. पाचव्याच मिनिटाला त्या घड्याळाकडे बघत होत्या, बाहेर अजून तीन पेशंट होते.