मोझार्टची पत्रं : काही महिने सोबत घालवल्यावर

अठराव्या शतकातला संगीतकार मोझार्ट आणि त्याचं कुटुंब यांच्या पत्रांचा इंग्रजी अनुवादातला जाडजूड खंड गेले काही महिने माझ्या उशाशी आहे. घ्यायच्या विचारात असाल, तर आधी एकच बघा : वडिलांची, म्हणजे लिओपोल्डची, पत्रं त्यात आहेत का? फक्त मोझार्टची निवडक पत्रं असलेली पुस्तकं हलकी आणि स्वस्त मिळतात, पण त्यांत अर्धंच संभाषण कानी पडतं. आणि हा माणूस कळतो तो मुळी कुणाला काय सांगतो आणि कुणापासून काय लपवतो, यातूनच.

१७७८ सालचा जुलै घ्या. बावीस वर्षांचा मोझार्ट चांगल्या नोकरीच्या शोधात आईबरोबर पॅरिसला आलेला. ३ जुलैच्या रात्री आई तिथेच वारली. त्याच रात्री त्याने वडिलांना लिहिलं, आई फार आजारी आहे, देवाच्या मनात असेल तसं होईल. त्याच पत्रात पुढे आपल्या नव्या सिम्फनीला (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेला) टाळ्या कुठे कुठे पडल्या आणि त्या आनंदात आपण पॅले रोयाल या पॅरिसमधल्या ठिकाणी जाऊन आइस्क्रीम कसं खाल्लं, तेही लिहिलं. दुसरं पत्र साल्झबर्गमधले, म्हणजे मोझार्टच्या गावातले, घरोब्याचे पाद्री बुलिंगर यांना : आई गेली, बाबांच्या मनाची तयारी तुम्ही करा. त्या आइस्क्रीमवरून त्याला उथळ ठरवणारे लोक भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. बापावर घाव एकदम पडू नये म्हणून हा मुलगा त्या रात्री नेहमीसारखं बोलत राहिला, असंच मी ते वाचतो.

आता पलीकडची बाजू. १२ जुलैला लिओपोल्डने बायकोला नामदिनाच्या (आपल्या नावाच्या संताच्या सणाच्या) शुभेच्छा लिहायला घेतल्या होत्या. १३ तारखेला सकाळी, ते पत्र टपालात पडण्याआधीच, पॅरिसचं पत्र हाती आलं. त्याने पुढचा मजकूर त्याच पत्रात लिहिला. ती या जगात नसावी हे त्याला मुलाच्या शब्दांवरूनच उमगलं होतं. मग बुलिंगरनी खरं सांगितलं. लिओपोल्ड म्हणजे मुलाला जाचणारा बाप, एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांनी हे पत्र वाचावंच.

संगीतासाठी वाचणाऱ्यांनी २६ सप्टेंबर १७८१ चं पत्र गाठावं. ‘द अब्डक्शन फ्रॉम द सेरालियो’ या ऑपेरातल्या (संगीतनाट्यातल्या) ओस्मिन या पात्राचा राग संगीतात कसा बांधला, ते मोझार्ट वडिलांना समजावतो. रागाने भान सुटलेल्या माणसाचं संगीतही भान सोडणारच, पण कानाला किळस येता कामा नये; संगीत हे शेवटपर्यंत संगीतच राहिलं पाहिजे. म्हणून एफ मेजर या स्वरश्रेणीतून तो अगदी परक्या श्रेणीत जात नाही, नात्यातल्याच पण सर्वांत जवळच्या नसलेल्या ए मायनरमध्ये जातो. हे वाचून पहिल्या अंकातलं ते गाणं लावा. शेवटची ती ए मायनरमधली झेप आता मला दर वेळी अंगावर येते.

व्हिएन्नात स्थायिक झाल्यानंतर त्याला आलेली लिओपोल्डची पत्रं बहुतेक हरवली आहेत, आणि ती पोकळी वाचताना फार जाणवते. पुखबर्ग या व्यापारी मित्राला लिहिलेली उसनवारीची पत्रं मात्र उरली. जून १७८८ मध्ये मोझार्ट हजार-दोन हजार गुल्डेन (तिथलं तेव्हाचं चलन) मागतो; पुखबर्ग पत्रावरच टिपून ठेवतो, २०० पाठवले. साल्झबर्गचा दरबारी ऑर्गनवादक म्हणून मोझार्टचा पूर्वीचा वर्षाचा पगार ४५० गुल्डेन होता, हे माहीत असलं की मागणीचा आकार कळतो. माझ्या खंडात असला हिशेब कुठेच समजावलेला नाही, टिपाही सगळ्या शेवटी कोंबल्यात. त्याच उन्हाळ्यात, २६ जून ते १० ऑगस्ट या तारखांत, शेवटच्या तीन सिम्फनी पुऱ्या झाल्या.

चुलतबहिणीला लिहिलेल्या पत्रांतला आचरटपणा मला थोड्या वेळाने कंटाळवाणा झाला. तुम्हाला कदाचित आवडेल.

आणखी एक. अख्खी रचना आपल्याला मनात एकदम ऐकू येते, असं मोझार्ट सांगतो ते प्रसिद्ध पत्र १८१५ मध्ये रोखलिट्झ या जर्मन संगीतलेखकाने छापलेलं, आणि अभ्यासक ते बनावट मानतात. ते खरं म्हणून छापणारं पुस्तक घेऊ नका. शंका आली तर साल्झबर्गच्या मोझार्टेउम प्रतिष्ठानच्या संकेतस्थळावर मूळ जर्मन पत्रं फुकट वाचता येतात. मी तारीख लावून तिथेच ताडून बघतो.