जुन्या पोर्ट्रेट प्रिंटसाठी पॉलिएस्टरची पाकिटं: वर्षभर वापरल्यानंतर
माझ्याकडे जुन्या पोर्ट्रेटचे साठेक प्रिंट आहेत, बहुतेक कार्त द व्हिझित. १८५४ मध्ये फ्रेंच छायाचित्रकार दिस्देरीने पेटंट घेतलेला हा प्रकार: साधारण ६४ × १०० मिमीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला पातळ प्रिंट. आधी ते सगळे पीव्हीसीच्या अल्बममध्ये ठेवले होते. एका उन्हाळ्यात पान उघडलं तर एका बाईंचा चेहरा प्लॅस्टिकला चिकटलेला. सोडवताना गालाचा पापुद्रा निघून आला. अजूनही तो प्रिंट पाहिला की पोटात तुटतं.

मग पॉलिएस्टरची पाकिटं आणली. वास नाही, चिकटपणा नाही, आणि इतकी स्वच्छ पारदर्शक की दहापट भिंग वरूनच लावता येतं. अल्ब्युमेन प्रिंटमध्ये, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरच्या प्रिंटमध्ये, कागदाचे तंतू दिसतात. नंतरच्या सिल्व्हर जिलेटिन प्रिंटमध्ये कागद आणि जिलेटिन यांच्या मधल्या बॅरायटाच्या (पांढऱ्या बेरियम सल्फेटच्या) थरामुळे ते झाकले जातात. हा फरक मला पाकिटातूनच ओळखता आला. मागचं स्टुडिओचं नाव, कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेली दोन अक्षरं, सगळं हात न लावता वाचता येतं. मला याचंच सर्वांत जास्त अप्रूप.

त्रास आहे तो स्थिर विजेचा. धूळ ओढली जाते, आणि पापुद्रे सुटलेल्या प्रिंटचे कणही. हाताने रंगवलेलं एक पोर्ट्रेट मी म्हणूनच आम्लमुक्त कागदी पाकिटात हलवलं. माप किंचित मोठं घ्या, नाहीतर कार्ड सरकवताना कोपरे दुमडतात. आणि वेष्टनावर आयएसओ १८९१६ चाचणीचा, म्हणजे पाकिटाच्या साहित्याचा फोटोवर रासायनिक दुष्परिणाम होतो का हे तपासणाऱ्या चाचणीचा, उल्लेख शोधा. तो नसेल तर मी घेत नाही.