अकरा वर्षांच्या मुलाचा हृदयाचा एमआरआय, रामदासपेठ, नागपूर

माझा मुलगा चार वर्षांचा असताना त्याला कावासाकी झाला, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार. सहा दिवस ताप उतरेना, ओठ लालबुंद, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, मग बोटांची टोकं सोलायला लागली. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून अँटीबॉडीजचं औषध दिलं, पण तोवर डाव्या कोरोनरीत, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत, फुगा झालाच होता. तेव्हापासून ॲस्पिरिन आणि त्या फुग्यावर नजर. लहान होता तोवर इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसायचं. आता छाती रुंद झाली, इकोत धमनीचा पुढचा भाग सापडत नाही. सीटी अँजिओ झटपट होते, पण याला जन्मभर तपासण्या आहेत, दरवेळी किरणं कशी द्यायची? म्हणून कार्डिऑलॉजिस्ट म्हणाले, एमआरआयवर कोरोनरी बघू.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी केला होता. पाऊण तास पोरगा आत, आणि हाती आली धुरकट चित्रं. रिपोर्टमध्ये लिहिलं, हालचालीमुळे कोरोनरीबद्दल सांगता येत नाही. घरी येताना ऑटोत पोट्टा म्हणाला, "आई, मी खरंच हललो नव्हतो ना वं." ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

यंदा मे महिन्यात इथे आलो. बाहेर ४४ डिग्री, आत एसीनं हातपाय गार. टेक्निशियन भाऊंनी सगळ्यात आधी जुनी सीडी लावून पाहिली आणि त्यालाच सांगितलं, "बेटा, तू हललाच नाहीस. तुझं हृदय हललं, ते तर हलणारच." पोराचा चेहरा तिथेच बदलला. माझे पाच स्टार यासाठीच आहेत.

मग त्याला बाकावर आडवं केलं, पोटावर घडी केलेला रुमाल ठेवला आणि रुमाल बघत हळू श्वास घ्यायला लावला. दहा मिनिटं, घाई नाही. पोटाभोवती रुंद पट्टाही बांधला, म्हणजे श्वासाचा हेलकावा कमी होतो. याचे बाबा घड्याळ, पट्टा, किल्ल्या काढून आत बसले. मला काचेमागे उभं राहू दिलं.

तिथे मी जे पाहिलं ते सांगते. आधी त्यांनी धडधडत्या हृदयाची छोटी फिल्म काढली. उजव्या बाजूच्या खोबणीत, चरबीत एक बारीक ठिपका वरखाली उडत होता. पेनाच्या टोकानं दाखवून म्हणाले, "ताई, ही उजवी कोरोनरी. दोन-तीन मिलिमीटरची, आणि सगळ्यात जास्त हीच पळते. ही कधी थांबते ते आधी शोधायचं." चारदा फिल्म फिरवली. पोराचे ठोके ८६ होते. एवढ्या वेगात ठोक्यांमधली विश्रांती फार आखूड पडते, म्हणून हृदय आकुंचन पावून क्षणभर थबकतं तो क्षण त्यांनी निवडला. चित्र फक्त तेवढ्यात घ्यायचं, प्रत्येक ठोक्याला थोडं थोडं.

श्वासाचं वेगळंच. लिव्हरच्या वर, छाती-पोटामधल्या पडद्यावर मशीन एक बारीक पट्टी रोखून धरतं. पडदा कुठे आहे ते दर ठोक्याला बघतं. श्वास सोडल्यावर तो ठरलेल्या पाच मिलिमीटरच्या आत असला तर माहिती ठेवायची, नाहीतर टाकून परत घ्यायची. पडदा जेवढा सरकतो त्याच्या साधारण ०.६ पट हृदय सरकतं असं धरून चित्राची जागाही सुधारतात. स्क्रीनवर माझ्या लेकराच्या श्वासाची लाट दिसत होती. सुरुवातीला जेमतेम २८ टक्के माहिती कामी येत होती. भाऊंनी माईकवरून "रुमाल आठव, बेटा" म्हटलं आणि आकडा ५० च्या वर गेला. मला रडू आलं, खरं सांगते. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की नव्या पद्धतीत पडद्यावरून अंदाज न बांधता हृदयाचीच छोटी प्रतिमा काढून माग घेतात, त्यात फारसं काही टाकावं लागत नाही. इथे ते नाही. लवकर यावं.

तक्रारीही आहेत. ९ ची वेळ दिली होती, आत घेतलं १०.४० ला. लहान मुलाला उपाशी धरून एवढा वेळ बसवू नये. आतल्या आवाजासाठी दिलेले हेडफोन मोठ्या माणसांचे, याच्या कानावरून घसरत होते, शेवटी कापूस घातला. साडेअकरा हजार लागले, ते आधी फोनवर सांगितले होते तेवढेच.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. फुगा ४.६ मिलिमीटर, आत गुठळी नाही, उजवी कोरोनरी टोकापर्यंत स्वच्छ. मुलानं स्वतः सीडी लावून मला ठिपका शोधून दाखवला.

लहान मुलांना नेणार असाल तर चेन-बटण नसलेला सुती पायजमा घालून न्या, आणि आदल्या रात्री रुमालाचा सराव घरीच करून घ्या.